सहादेव मापाऱ्याची शीग

सोनईच्या बाजारात जवारीच्या राशीपुढं बसलेला सहादेव मापारी ज्यानं बघितला न्हाई, त्यानं गर्व बघितला न्हाई. डोक्याला पिवळा पटका, मिशीला तेल, घट्ट घातल्याली मांडी आन हातात लाकडी पायली. पायली राशीत खुपसायची, भरून वर काढायची आन पोत्यात उपडी करायची. पन भरायची कशी, तर शिगंनं. पायलीच्या काठाच्या वर दान्याचा जो डोंगर ऱ्हातो, ती शीग. काठोकाठ सपाट माप देनारा मापारी तिथं कद्रू ठरतो. आन पयली पायली पडली की 'एक' म्हनायचं न्हाई, 'लाभ' म्हनायचं. मंग दोन, तीन, चार. सहादेव असा गळा काढून मोजायचा की पार पिंपळापोत्तर ऐकू जायचं, आन लोकं माना डोलवायची, जसं काय तो मोजतो म्हनून जवारी पिकती.

गाव म्हनायचं, सहादेवाच्या जिभंवर हिशेब बसलाय. बसला हुता खरा, पन नुसता बसला हुता. तिथून उठून डोस्क्यात कधी गेला न्हाई. हा मानूस दिवसभर न चुकता मोजील, पन मोजल्यातलं निम्मं किती, असं इचारलं की मिशी पिळायचा आन दुसऱ्याच मानसाशी बोलायला लागायचा. मोजनं येगळं आन हिशेब येगळा, हे त्याला जल्मात कळलं न्हाई. पोपटाला राम राम म्हनता येतं, म्हनून त्याला कुनी कीर्तनाला उभं करत न्हाई. सोनईनं मातर केलं.

अशा मानसाच्या गळ्यात घोडेगावची कडूबाई पडली, हे त्याचं पूर्वजल्माचं पुन्य. घोडेगावात तिच्या माहेरचं नाव काढलं तर गुरांच्या बाजारातला दलालबी विडी इझवतो. तिचा थोरला भाऊ रंगनाथ चौथीपोत्तर शिकल्याला, बैलाच्या तोंडात एक डाव हात घातला की दातावरून वय सांगनार आन सांगितल्यालं मागं घेनार न्हाई. त्याच्या पाठची दोन लेकरं गेली, म्हनून तिसरीला दिष्ट लागू नये यासाठी कडू नाव ठेवलं. त्या घरातली लेक बोलायला तिखट, कामाला वाघीन, आन मूर्खाला मूर्ख म्हनायला तिला कुनाची परवानगी लागत नसे. फकस्त नवऱ्याला चारचौघात म्हनत नव्हती. तेवढी एकच चूक तिच्यात हुती, आन ती पुढं महागात पडली.

आजार आला तो दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालात. आधी तहान आली. सहादेव घागरीला तोंड लावायचा तो निम्मी घागर रिकामी करूनच काढायचा. मंग अंग झडाया लागलं, गालाची हाडं वर आली, पायली जड व्हायला लागली. मोरीत लगवीला जाऊन आला की मागं मुंगळ्यांची रांग लागायची. त्याची आई रंगुबाई म्हनाली की कुनीतरी करनी केली. कुनी म्हनालं कडुलिंब प्या, कुनी म्हनालं जांभळाच्या बिया खा, एकानं तर उंटाचं दूध सांगितलं. सोनईत उंट कुठला, हे त्याला कुनी इचारलं न्हाई. गावात अक्कल फुकट मिळती आन तितक्याच मोलाची असती. सहादेवानं उंट सोडून सगळं पिऊन बघितलं आन आनखी वाळला.

शेवटी कडूबाईनं गाडी जुंपायला लावली आन त्याला मिशनच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. रंगुबाई आडवी आली. तिथलं पानी प्यायलं तर लेक बाटंल म्हनाली. कडूबाईनं तिला एवढंच सांगितलं, "आत्याबाई, तुमचा ल्योक बाटल्याला पायजे का गेल्याला पायजे, ते बोला. बैलं उन्हात हायेत."

दवाखान्यात एलिझाबेथबाई नावाची नर्स हुती. ह्याच मुलखातली, आजोबापासनं ख्रिस्ती झाल्याल्या घरची, नगरला नर्सिंग शिकल्याली. तिनं सहादेवाची लगवी काचंच्या नळीत घेतली, निळं औषीद घातलं आन दिव्यावर उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आन शेवटी भाजल्या विटंसारखं लाल. बाई म्हनाली, ह्याच्या रक्तात साखर साठतीय, अंगाला लागत न्हाई. मोठा डाक्टर आला, त्यानं तपासलं आन ठरवून दिलं: रोज सकाळी जेवायच्या आधी सुई घ्यायची, आन सुईनंतर लगेच जेवायचं. काचंच्या पिचकारीवर बारीक रेघा हुत्या. त्यातल्या सोळा रेघांपोत्तर औषीद वढायचं. आनखी एक गोष्ट बाईनं दोन डाव सांगितली. दरदरून घाम सुटला, हात थरथरले, बोलनं भरकटलं, तर साखर फार उतरली असं समजायचं आन लगोलग गूळ खायला द्यायचा. रंगुबाई तोंडावर पदर घेऊन हसली. साखरंच्या रोगाला गूळ, म्हंजी जळत्या घरावर राकेल, असं ती वाटंनं गाडीत बडबडत हुती. सहादेवाच्या कानात एकच शब्द शिरला हुता: सोळा. सोळा म्हंजी सोळा आने, पुरा रुपया. पुरं माप.

औषीद लागू पडलं. महिन्याभरात अंगावर मांस आलं, मिशीला पुन्हा तेल लागलं. गुन औषीदाचा आन बायकोच्या हाताचा, पन सहादेव बाजारात सांगायचा की माप आपुन सोता वढतो म्हनून गुन येतो. खरं असं हुतं की औषीद तो वढायचा आन सुई कडूबाई टोचायची, कारन राशीवरचा हा वाघ सुई बघितली की भिताडाकडं तोंड करायचा आन डोळं मिटून घ्यायचा. बुच उघडल्यापासून मातर त्याचा रुबाब बघावा. मांडी घालायचा, पिचकारी उजेडाला धरायचा आन हळूच मोजायचा, लाभ, दोन, तीन. सोळावर आला की आनखी वाईच वढायचा.

कडूबाईनं पयल्याच दिवशी इचारलं की हे वरचं कशाला.

"शीग," तो म्हनाला. "आपल्या हातनं काठोकाठ माप जात न्हाई."

"ते जवारीचं. हे औषीद हाय."

"माप ते माप."

कडूबाई चुलीकडं वळली. वाईच जास्तीनं काय हुतंय, असं तिला वाटलं.

जेवनाचंबी तसंच. बाईनं एका वक्ताला दीड भाकर सांगितली हुती. सहादेव दीडच खायचा, त्यात त्यानं कधी खोट केली न्हाई. पन ती भाकर रंगुबाई थापायची. लेकासाठी म्हनून ती असा गोळा घ्यायची की भाकर परातीच्या काठाला भिडायची आन जाडीला पायताणाच्या तळव्याएवढी व्हायची. दुसऱ्या कुनाच्या चार भाकरी झाल्या असत्या. कडूबाईनं हे बघितल्यावर भाकरी आपल्या हाताला घेतल्या, तर सहादेव ताटाकडं बघून म्हनाला, ही काय भाकर, ही तर भाकरीची पोर. तिनं त्याला समजावलं की नग मोजून भागत न्हाई, नगात किती हाय ते बघावं लागतं. त्यानं तिला समजावलं की दीड म्हंजी दीड. आकडा त्याला पाठ हुता. आकड्याच्या आत काय असतं, ते बघायची त्याच्या घरान्यात रीत नव्हती.

लढाई लांबली तसं सगळंच आखडलं. साखर रेशनवर, राकेल रेशनवर, दुकानदार वजनात मारायला लागला, आन जो तो दुसऱ्याच्या मापाकडं संशयानं बघाया लागला. अशात एका बाजारच्या दिवशी एलिझाबेथबाईनं सहादेवाला येगळी बाटली दिली. कागद येगळा, बुच येगळं. बाई म्हनाली, पहिल्याजोगती बाटली आता बाहेरून येत नाही. ही दुप्पट कडक आहे. म्हणून आता सोळा नाही, आठ रेघा घ्यायच्या.

सहादेवानं बाटली उजेडाला धरली, हलवली, आन तोंड वाकडं केलं. "आठ?"

"आठ. एका रेघेत आता दोन रेघांचं औषध आहे."

"बाई, पायलीत दोन पायल्या मावत न्हाईत."

एलिझाबेथबाईला राग आला न्हाई. तिनं ताकाचं उदाहरन दिलं. पातळ ताक दोन वाट्या प्यावं लागतं, घट्ट दही एक वाटी पुरतं. पोटात जातं तेवढंच.

"वाटी ती वाटीच," सहादेव म्हनाला. "दह्याची असू न्हाईतर ताकाची. मी मापारी हाय, बाई. मला माप शिकवू नका."

तिनं पुन्हा सांगितलं, त्याच्या तोंडून वदवून घेतलं, आन तो 'आठ' म्हनाला तवाच बाटली हातात दिली. शिकल्याल्या मानसालाबी वाटतं की तोंडानं म्हनलं म्हंजी पटलं. वाटंला लागल्याबरुबर सहादेव कडूबाईला म्हनाला की ही बाईबी रेशनवाल्यासारखीच निघाली. सोळाचं आठ केलं आन वर 'कडक हाय' म्हनती. दूधवाला पानी घालतो तवाबी 'म्हशीनं पानी जास्ती पिलं' असं म्हनतोच की. मापात पाप ते हेच.

कडूबाई म्हनाली, "बाईला काय मिळायचंय तुमच्या आठ रेघा चोरून?"

"ते तुला कळनार न्हाई."

"मला रेघातलं काय कळत न्हाई, खरं हाय. पन मिरची कळती. लवंगी मिरची ढबूएवढी घातली तर कालवन कुनाच्या तोंडात जाईल, सांगा."

त्यावर त्यानं तिला तिच्या भावाचं नाव घेऊन टोमना मारला, की घोडेगावात गुरं मोजत्यात, दानं न्हाई. म्हंजी ज्याची जीभ बैलाच्या शेपटीएवढीबी कामाची न्हाई, तो रंगनाथाला बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नव्या बाटलीतनं सोळा रेघा वढल्या आन वर शीग. पिचकारी तिच्या हातात दिली आन भिताडाकडं तोंड केलं. टोचू नये तर हा आरडाओरडा करील, आईच्या हातनं टोचून घेईल. टोचावं तर बाईनं सांगितल्याचं दुप्पट ह्याच्या अंगात जाईल, आन काय वाईट झालं तर सुई आपल्या हातची. तिनं सुई टोचली. निम्मं औषीद गेलं तवा सुई उपसली, आन उरल्यालं मागच्या मागं चुलीच्या राखंत सोडून दिलं. सहादेवानं डोळं उघडलं आन इचारलं, झालं? ती म्हनाली, झालं.

असं रोज व्हायला लागलं. तो भरून द्यायचा, ती निम्मं सांडायची. औषीद अंदाजानं बेताचंच जायचं, म्हनून त्याला काय झालं न्हाई, उलट बरं वाटलं. मंग तर काय इचारू नका. बाजारात पटका मागं सारून सांगायचा की मिशनची नर्स माप मारत हुती, पन आपुन हाललो न्हाई. सोळा ते सोळा, आन बघा, कसा ठनठनीत हाय. आन सोनईची मानसं, ज्यांना पिचकारी आन पळी यातलं अंतर ठावं न्हाई, ती म्हनायची, बरुबर हाय, मापारी मापात फसायचा न्हाई. बाटली मातर ठरल्यापरीस निम्म्याच दिवसांत संपली. तवा हा गडी दवाखान्यात जाऊन म्हनाला की हातातनं पडली, फुटली. बाईनं इचारलं, रेघा किती घेता? आठ, म्हनाला. शेजारी कडूबाई उभी हुती. तिच्या जिभंवर सगळं आलं हुतं. पन नवऱ्याला परक्या बाईपुढं खोटं कसं पाडायचं, म्हनून तिनं पदर तोंडात धरला. बाईनं दुसरी बाटली दिली आन जपून वापरा, आता लई थोड्या राहिल्यात, असं सांगितलं.

माघ सरता सरता रंगनाथाच्या धाकट्या लेकाचं जावळ निघालं. आत्याच्या मांडीवर बसल्याबिगर पोराचं जावळ व्हायचं न्हाई, म्हनून गाडी कडूबाईला न्यायला आली. एका रात्रीचा सवाल, दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वक्ताला परत. पन मधी एक सकाळ पडत हुती. तिनं रंगुबाईला परसात नेलं आन सगळं सांगितलं. सुई निम्मीच दाबायची, निम्मी राखंत सोडायची, आन तोंड उघडायचं न्हाई. रंगुबाईनं लेकाच्या गळ्याची शपथ घेतली.

शपथ कसली. गाडी वेशीच्या भाईर पडली न्हाई तोवर तिनं लेकाला सगळं सांगून टाकलं. अरं सहादू, तुझी बायको तुझं औषीद चुलीत घालती रं, म्हनून रडली. सहादेवाला एवढा राग आला की त्या रात्री तो जेवला न्हाई. सकाळी उठून त्यानं सोळा रेघा वढल्या, शीगबी नेहमीपरीस मोठी घेतली, आन आईला सांगितलं की थेंब ऱ्हाता कामा नये. रंगुबाईनं दात खाऊन थेंबनथेंब दाबला. कितीतरी दिवसात पयल्यांदा औषीद पुरं अंगात गेलं, आन ते दुप्पट कडक हुतं, आन पोट रातचं रिकामं हुतं. तेवढ्यात व्यापाऱ्याचा मानूस दारात आला. मोठी रास पडलीय, गाड्या खोळंबल्यात, चला. सहादेव भाकर तशीच टाकून निघाला. रंगुबाईनं अडवलं न्हाई. तिला काय ठावं, की सुईमागनं जेवन लागतंच. दवाखान्यात बाईनं सांगितलं तवा ती हसत हुती.

ऊन चढलं तशी रंगनाथाची गाडी सोनईत शिरली. कडूबाई पिंपळाजवळ उतरली. रंगनाथ बैलांना पानी दावायला वढ्याकडं गेला. तिला नवऱ्याचं मोजनं ऐकू आलं, आन ती दोन पावलं चालून थांबली. लगीन झाल्यापासून ते मोजनं तिच्या कानात हुतं. झोपंत ऐकलं तरी पुढचा आकडा तिला ठावा असायचा. आज सव्वीस आलं, सत्तावीस आलं, मंग पंचवीस आलं. मंग पुन्हा सत्तावीस. मंग नुसताच आवाज, आकडाच न्हाई.

ती पळत सुटली.

राशीभवती मानसांचं कडं झालं हुतं. जवारीवाला शेतकरी सहादेवाच्या छातीवरची बंडी धरून उभा हुता, मापात पाप करतोस व्हय, म्हनून. व्यापारी म्हनत हुता की सकाळच्या पारीच ढोसून आलाय. सहादेवाचा पटका सुटून मानेवर आला हुता. घामानं अंगरखा चिकटला हुता, हात लटलट कापत हुते, आन तो पायली भरायच्या ऐवजी रिकामीच वर-खाली करत हुता. तोंडानं म्हनत हुता, लाभ, लाभ, लाभ. कडं हसत हुतं. ज्या लोकांनी त्याला वर्सानुवर्सं डोक्यावर घेतलं, त्यांना तो मरायला लागल्याला दिसंना. त्यांना तमाशा दिसत हुता.

तिनं शेतकऱ्याचा हात झटकला. शेजारी गूळवाला बसला हुता. त्याच्या ढेपीचा फोडल्याला खडा उचलला आन नवऱ्याच्या तोंडाशी नेला. तवर घरनं कुनीतरी रंगुबाईला बोलवून आनलं हुतं. तिनं सुनंचा हात वर धरला आन सगळ्या बाजाराला वरडून सांगितलं की ही त्याला इष घालतीय, आधी औषीद चुलीत घातलं आन आता साखरंच्या रोग्याला गूळ चारतीय. कडं रंगुबाईच्या बाजूनं झालं. एकानं कडूबाईच्या हातातला गूळ हिसकावला. हा शाना मानूस म्हनं, साखर वर्ज्य सांगितलीय डाक्टरनं. सहादेव राशीवर आडवा झाला आन त्याचं डोळं पांढरं व्हायला लागलं.

तवा कडूबाई जे बोलली, ते सोनईनं अजूनपोत्तर तिला माफ केल्यालं न्हाई.

"आत्याबाई, सकाळी किती दाबलंत?"

"सगळं. माझ्या लेकाचं औषीद मी सांडू व्हय."

"मंग त्याला मारलंत तुमी. बाईनं आठ सांगितल्या हुत्या. ह्या मानसाला सोळाच्या पुढं शीग मोजता येती, पन सोळाचं निम्मं कळत न्हाई. मी रोज निम्मं सांडत हुते म्हनून हा तुमच्या राशीवर बसत हुता. आता ज्यानं माझा हात धरलाय, त्यानं उद्या ह्याला खांदा द्यायची तयारी ठेवावी. आन ज्याची न्हाई त्यानं सोडावा."

हात सुटला. शानं मानूस गूळ टाकून मागं सरला. मरनाचा वाटा म्हनलं की सोनईची अक्कल लगेच मोकळी हुती. तिनं गूळ तांब्यातल्या पान्यात चुरगाळला, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आन बोटानं गालाच्या आत चोळत राहिली. रंगुबाई बाजूला छाती बडवत हुती. बराच येळ काय झालं न्हाई. मंग त्यानं जीभ हालवली. मंग गिळलं. मंग तिनं वाईच वाईच पाजत तांब्या संपवला, आन घाम सुकल्यावर त्यानं डोळं उघडून कड्याकडं बघितलं. पयला सवाल बायकोला न्हाई, आईला न्हाई. व्यापाऱ्याला इचारलं, "किती झालं?"

व्यापाऱ्यानं सांगितलं की रास दुसऱ्या मापाऱ्याकडनं मोजून घेतोय.

त्या दिवशी मराया टेकल्याचं सहादेवाला काय वाटलं न्हाई. वाटलं ते दोन गोष्टींचं. बाजारात मोजनं चुकलं, आन बायकोनं इतके दिवस माप मारलं. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन दवाखान्यात गेला, तक्रार करायला. एलिझाबेथबाईपुढं ताठ उभा राहून म्हनाला, "हिनं तुमचं औषीद चुलीत सांडलं. रोज. इचारा तिला."

बाईनं आधी कडूबाईचं सगळं ऐकून घेतलं. मंग त्याच्याकडं वळली. "तुम्ही किती रेघा ओढत होता?"

"सोळा. आन वर शीग."

"मला तर आठ म्हणाला होतात."

तो मिशी पिळायला लागला.

"आणि फुटलेली बाटली?"

मिशी पिळून पिळून संपली. बाई म्हनाली की हिनं सांडलं नसतं तर तुम्ही तेव्हाच गेला असता, कालपर्यंत पोचलाच नसता. सहादेव खिडकीच्या भाईर बघत राहिला. ज्याला शरम वाटायला पायजे, तो असाच खिडकीच्या भाईर बघतो.

मंग बाई कडूबाईवर उलटली, आन ते तिला अपेक्षित नव्हतं. "आणि तू. इथे उभी होतीस ना शेजारी? एक शब्द बोलली असतीस तर? तुमच्या चुलीत जवळजवळ अख्खी बाटली गेली. परवा शेवगावकडची एक पोर आली होती, एवढीशी, हाच आजार. माझ्याकडे देण्यापुरतं नव्हतं. नगरला पाठवली. पोचली की नाही, मला कळलेलं नाही."

नवऱ्याची पत राखायची म्हनून कडूबाईनं जे राखंत सोडलं, ते कुनाच्या लेकराचं हुतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी तिखट बाई, तिथं डोळं पुसायला लागली. सहादेवानं ते बघितलं आन त्याला वाईच बरं वाटलं. असा तो मानूस.

बाईनं लाल सूत घेतलं, पिचकारीच्या आठव्या रेघंवर गुंडाळलं आन वर मेन लावलं. कालच नगरहून आल्याली नवी बाटली कडूबाईच्या हातात दिली. सहादेवाला सांगितलं, ह्यापुढे औषध ही ओढेल. तुम्ही हात लावला तर बाटली मिळणार नाही. जिल्ह्यात दुसरीकडे कुठे मिळते का बघा. तो 'बघतो' म्हनाला, आन कुठं गेला न्हाई.

पुढं काय झालं, तर सोनईची आठवन चिमनीएवढी. दोन बाजार त्याला कुनी बोलवलं न्हाई, तिसऱ्याला पुन्हा बोलवलं, कारन तसा गळा दुसऱ्या कुनाला नव्हता. आन सहादेव राशीवर बसून सांगायला लागला की आठ रेघांचा शोध आपलाच. नर्सबाईला आपुनच सांगितलं की बाटली कडक हाय, माप उतरवा. लोकं माना डोलवायची. कडूबाईनं एकदा तिथनं जाताना हे ऐकलं. रंगनाथ बरुबर हुता, त्याला खरं बोलल्याबिगर राहवत न्हाई, तो पुढं सरला. तिनं त्याला दंडाला धरून मागं वढलं. बोलू दे, म्हनाली, बोलल्यानं रेघ हालत न्हाई.

घरात मातर येगळं चालायचं. शेवगावच्या पोरीचं काय झालं ते तिला कळलं न्हाई, पन तवापासून पिचकारी भरताना तिच्या हातनं थेंब सांडत नव्हता. सकाळी ती चुलीपुढं बसायची, काचंची पिचकारी उकळत्या पान्यातनं काढायची, सुतापोत्तर औषीद वढायची आन थांबायची. सहादेव समोर बसून बघायचा. अर्धी पिचकारी रिकामी. हे त्याला रोज नव्यानं खुपायचं. जल्मभर भरल्याली मापं बघितल्याल्या मानसाला रिकामी जागा सोसत न्हाई. एक डाव तो म्हनाला, "अर्धीच हाय."

"अर्धीच हाय," ती म्हनाली. "मांडी हिकडं करा."

त्यानं केली. भाईर व्यापाऱ्याचा मानूस येऊन उभा राहिला हुता, राशी पडल्यात, चला म्हनत हुता. सहादेवानं पटका गुंडाळला, उठायला गेला, आन बायकोकडं बघून पुन्हा खाली बसला.

"थांब वाईच," त्यानं भाईरच्या मानसाला सांगितलं. "भाकर खाऊन येतो."